इसबावरचं जंतुनाशक लोशन: कधी, किती आणि कधी थांबवायचं

प्रश्न, थोडक्यात: आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगा सहा वर्षांचा. चार महिन्यांचा असल्यापासून त्याला इसब आहे. मागच्या हिवाळ्यात दोनदा चिघळलं, पिवळ्या खपल्या धरल्या, दोन्ही वेळा अँटिबायोटिकचं सिरप झालं. मग जीपींनी (इथले फॅमिली डॉक्टर) जंतुनाशक असलेलं मॉइश्चरायझर लोशन दिलं. सुरुवातीला खूप फरक पडला. आता चार महिने दिवसातून तीनदा सगळ्या अंगाला लावतेय, पण काखेत आणि मानेला लाल होऊन आग होते. सासूबाई भारतातून आल्या आहेत. त्या आंघोळीच्या पाण्यात झाकणभर अँटिसेप्टिक घालतात आणि म्हणतात, खोबरेल लाव, बाकी सगळं बंद कर. उन्हाळ्यात गावी आलो होतो तेव्हा औषधाच्या दुकानातून आणलेल्या एका क्रीमने चार दिवसांत त्वचा साफ झाली, पण बंद केल्यावर दुप्पट उठलं. हे लोशन चालू ठेवू का? आणि खोबरेलचं काय?

उत्तर:

पहिलं काम आज रात्रीच करा. काख, मानेची घडी, जांघ इथे ते लोशन लावून ठेवणं बंद. तिथे आठवडाभर फक्त साधी पेट्रोलियम जेली, तीही पातळ. आग आणि लाली उतरली, तर ते इसब नव्हतं, औषधाने पोळलेली त्वचा होती. उतरली नाही, किंवा घडीत ओलसर पांढरट थर दिसला, तर जीपींना दाखवा. घडीत बुरशी बसली असेल तर तिचं औषध वेगळं असतं.

बाकीचं उत्तर लांब आहे, कारण तुमच्या प्रश्नात चार-पाच प्रश्न एकात एक गुंतले आहेत. मी 28 वर्षं त्वचारोगाचं काम करतेय. त्यातली पहिली काही वर्षं इंग्लंडमधल्या एका जिल्हा रुग्णालयात गेली, उरलेली सातारा जिल्ह्यात. त्यामुळे तुमच्या जीपींनी ते लोशन का दिलं हेही मला समजतं आणि सासूबाई झाकणभर अँटिसेप्टिक का ओततात हेही.

आधी बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. या गटातलं ब्रिटनमधलं ओळखीचं नाव म्हणजे डर्मॉल 500. त्यात बेंझाल्कोनियम क्लोराइड 0.1 टक्का आणि क्लोरहेक्सिडीन 0.1 टक्का ही दोन जंतुनाशकं असतात. त्यासोबत लिक्विड पॅराफिन 2.5 टक्के आणि आयसोप्रोपिल मिरिस्टेट 2.5 टक्के. म्हणजे तेलकट भाग सगळा मिळून 5 टक्के. त्याच नावाच्या क्रीममध्ये हाच भाग 10 आणि 10 असा 20 टक्के असतो. आणि ज्याला इंग्लंडमध्ये ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणतात, त्या निम्मं लिक्विड पॅराफिन आणि निम्मं व्हाइट सॉफ्ट पॅराफिन असलेल्या मलमात पाणी नसतंच, सगळं तेलच.

हा हिशोब मी मुद्दाम मांडला. असं 5 टक्केवालं लोशन दिवसातून तीनदा लावणं म्हणजे कोरड्या ठणठणीत त्वचेला जवळजवळ पाणीच पाजणं. लावल्यावर बरं वाटतं, तासाभरात पुन्हा कोरडं. तेल त्वचेवर टिकत नाही आणि जंतुनाशकाचा थर मात्र दिवसातून तीनदा बसतो. काख, जांघ, मान या जागा दिवसभर झाकलेल्या आणि घामट असतात, तिथे बेंझाल्कोनियम जास्त बोचतं. आंघोळीच्या पाण्यात मिसळायची जी जंतुनाशक तेलं मिळतात त्यांत तर हेच रसायन कितीतरी तीव्र असतं, एका प्रकारात 6 टक्के. ती न मिसळता अंगाला लावल्यामुळे घड्या पोळलेल्या लहान मुलांच्या नोंदी त्वचारोगाच्या नियतकालिकांत आहेत. मी स्वतःही अशी दोन बाळं पाहिली आहेत. दोन्ही वेळा घरच्यांना वाटलं होतं की इसब वाढलं, म्हणून त्यांनी तेल आणखी लावलं.

या लोशनची खरी जागा साबणाच्या जागी आहे. आंघोळीच्या वेळी ओल्या अंगावर दोन-तीन पंप घ्या, हलक्या हाताने पसरवा, दोनेक मिनिटं राहू द्या आणि कोमट पाण्याने धुऊन टाका. टॉवेलने घासू नका, टिपा. मग अंग थोडं ओलसर असतानाच वरून जंतुनाशक नसलेलं जाडसर, तेलकट मॉइश्चरायझर भरपूर लावा. जंतुनाशकाचं काम दोन मिनिटांचं, तेलाचं दिवसभराचं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: या दोन्ही जंतुनाशकांचे रेणू धन विद्युतभाराचे असतात आणि साबणाचे ऋण. एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात. आधी साबण, मग हे लोशन, असं चाललं असेल तर ते गटारात ओतल्यासारखंच आहे.

आता जंतूंबद्दल, कारण तुमच्या सासूबाईंचा आणि जीपींचा दोघांचाही रोख तिकडेच आहे.

इसब असलेल्या मुलाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू जवळजवळ ठाण मांडूनच असतो. 2016 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा इसबाच्या चट्ट्यांवर तो सुमारे 70 टक्के रुग्णांत सापडला, आणि त्याच रुग्णांच्या वरवर चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर 39 टक्क्यांत. म्हणजे स्वॅब घेतला आणि त्यात ‘स्टॅफ’ निघाला, एवढ्यावरून संसर्ग झाला असं म्हणता येत नाही. तो तिथे असतोच. माझ्याकडे पालक स्वॅबचा रिपोर्ट घेऊन घाबरून येतात तेव्हा मी तो बाजूला ठेवते आणि मुलाला बघते.

तो येतो कशामुळे, हे कळलं तर पुढचं सोपं जातं. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या गटाने दाखवलं की इसबाच्या बऱ्याच रुग्णांत फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो. हे प्रथिन त्वचेच्या वरच्या थराला घट्ट बांधतं. ते तुटून जे घटक तयार होतात ते पाणी धरून ठेवतात आणि त्वचा किंचित आम्लही ठेवतात. ते कमी पडलं की त्वचा फटफटीत कोरडी होते, तिची आम्लता जाते आणि जंतूंना आयतं रान मिळतं. कुंपण मोडलं की गुरं शिरणारच. गुरं गरीब असतात असंही नाही, शिरली की आणखी तुडवतात. या जंतूची विषद्रव्यं दाह वाढवतात. 2023 मध्ये तर असं दिसलं की त्याचं एक विकर (एन्झाइम) थेट त्वचेतल्या मज्जातंतूंना डिवचून खाज उठवतं. खाज सुटली की पोरगं खाजवणार, खाजवलं की कुंपण आणखी मोडणार.

मग जंतू मारले तर इसब बरं व्हायला हवं, नाही का? इथेच गंमत आहे. 2017 मध्ये ब्रिटनमधला ‘क्रीम’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 113 मुलं होती, सगळ्यांचं इसब चिघळलेलं, पण तब्येत एरवी बरी. काहींना तोंडाने अँटिबायोटिक, काहींना अँटिबायोटिक मलम, काहींना दोन्ही ठिकाणी खोटं औषध. स्टेरॉइड मलम आणि मॉइश्चरायझर सगळ्यांनाच. दोन आठवड्यांनी अँटिबायोटिकवाल्यांना दखल घ्यावी असा काहीच जास्तीचा फायदा नव्हता. 2019 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या गटाने जंतूंविरुद्धच्या सगळ्या उपायांचा आढावा घेतला, त्यात जंतुनाशक साबण आणि आंघोळीची तेलंही होती. निष्कर्ष तसाच थंड निघाला: फायदा झालाच तर अगदी थोडा. 2021 पासून इंग्लंडमध्ये डॉक्टरांना उपचारांची दिशा देणाऱ्या नाइस संस्थेची सूचना अशी आहे की मूल तापाने वगैरे आजारी नसेल, तर चिघळलेल्या इसबाला सरसकट अँटिबायोटिक देऊ नये, ना पोटात ना वरून. तुमच्या मुलाला दोनदा सिरप दिलं त्यात चूक झाली असं मी म्हणत नाही, मी तेव्हा त्याला पाहिलेलं नाही. पण तिसऱ्या वेळी जीपींनी दिलं नाही तर त्यांच्यावर रागावू नका.

उलट अनुभव असा की दाह शमवला, त्वचा सांधली, की जंतूंची संख्या आपोआप उतरते. नुसत्या स्टेरॉइड मलमानेही उतरते. दाह आतून थांबवणाऱ्या ड्युपिलुमॅबसारख्या नव्या इंजेक्शनांनीही उतरते, आणि त्यांत तर जंतू मारणारं काही नसतंच.

एवढं सगळं सांगून झाल्यावरही मी जंतुनाशक मॉइश्चरायझर लिहून देते. ज्या मुलाचं इसब सहा महिन्यांत दोनदा-तीनदा चिघळलं, ज्याला जाड मलमांमुळे केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, किंवा ज्याच्या घरी साबण सुटतच नाही, अशांना. शेवटचं कारण ऐकून माझे काही सहकारी हसतात. पण ‘हे औषधी आहे, जंतू मारतं’ असं म्हटलं की आजी स्वतःहून साबणाची वडी उचलून ठेवते, हा माझा अनुभव आहे, आणि साबण सुटल्याचा फायदा त्या 0.1 टक्क्याच्या फायद्यापेक्षा मोठा असावा असा मला संशय आहे. मुदत मात्र मी ठरवून देते: दोन ते चार आठवडे, चट्टे सुकेपर्यंत. मग साधं मॉइश्चरायझर. पुन्हा चिघळू लागलं तर पुन्हा काही दिवस. ही मुदत कुठल्या मोठ्या अभ्यासातून आलेली नाही, माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांवरून आलेली आहे. तुमचे चार महिने झाले आहेत आणि हल्ली चिघळल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा माझं मत, थांबवा. सुरुवातीला जो ‘खूप फरक’ पडला, त्यातला किती जंतुनाशकाचा आणि किती साबण सुटल्याचा व नेमाने काहीतरी लावल्याचा, हे चार आठवडे साध्यावर राहिलात की कळेल.

क्लोरहेक्सिडीनची खरी ॲलर्जी क्वचित असते, पण असली तर गंभीर असू शकते. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला होता. लोशन लावल्यावर लगेच अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, तर तात्काळ रुग्णवाहिका बोलवा. नंतर दंतवैद्य, शस्त्रक्रिया, कुठेही जाल तिथे आधी सांगा, कारण तेच रसायन गुळण्यांच्या औषधात आणि ऑपरेशनआधी त्वचा पुसायच्या द्रवातही असतं. तुमच्या मुलाचं वर्णन तसं नाही. त्याची आग घड्यांपुरती आणि हळूहळू वाढलेली आहे.

आता झाकणभर अँटिसेप्टिक. आमच्या ओपीडीत काही मुलं दारातून आत यायच्या आधी त्यांचा तो वास येतो. कापलं-खरचटलं की तेच, दाढीनंतर तेच, लादीला तेच, आणि बाळंतिणीच्या खोलीतही तेच. मराठी घरात स्वच्छतेचा वास म्हणजे तो वास. सासूबाईंचा हेतू सोन्यासारखा आहे. पण तो द्रव म्हणजे मॉइश्चरायझर नव्हे. ते त्वचेला मऊ करत नाही, सुकवतं, आणि झाकण कधी अर्धं, कधी दोन. तुमच्याकडे तर एकाच आंघोळीत एक जंतुनाशक पाण्यात आणि दुसरं अंगावर असा प्रकार झालाय. ते बंद करा. कडुलिंबाचा पाला उकळून गाळलेल्या पाण्याला माझी फारशी हरकत नसते. पाला वाटून चट्ट्यांवर घासायला असते. डाळीचं पीठ आणि उटण्यालाही तेच लागू, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीलासुद्धा. उटण्याचं बोट कपाळाला लावा, शास्त्र झालं.

इंग्लंडात टबात ब्लीच घालून आंघोळीबद्दलही कुणी सांगेल. 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासाने तो उपाय प्रसिद्धीला आणला. अतिशय पातळ, 0.005 टक्क्याचं प्रमाण. पुढच्या अभ्यासांत निकाल उलटसुलट आले. काहींत तर नुसत्या पाण्याच्या आंघोळीनेही तेवढंच बरं वाटलं. त्वचारोगतज्ज्ञाने मोजून सांगितल्याशिवाय करू नका. टबात ओतायच्या साध्या, जंतुनाशक नसलेल्या तेलांवरही पैसे घालवू नका. 2018 च्या ‘बेद’ अभ्यासात 483 मुलांमध्ये त्यांचा लक्षणीय उपयोग दिसला नाही, आणि टब घसरडा होतो तो वेगळाच. इंग्लंडच्या जड पाण्यालाही दोष देऊन उपयोग नाही. 336 मुलांच्या घरी पाणी मऊ करणारी यंत्रं बसवून पाहिली होती, 2011 मध्ये निकाल आला, इसबात फरक नाही. आमच्या बोअरच्या पाण्याबद्दल मला रोज विचारतात, त्यांनाही मी हेच सांगते.

खोबरेल. इथे सासूबाईंना मी अर्ध्याहून जास्त गुण देईन.

खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो आणि त्याच्यात जंतूंना रोखण्याचा गुण आहे. फिलिपिन्समध्ये 2008 मध्ये 52 प्रौढ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात निम्म्यांना घाण्याचं, न तापवलेलं खोबरेल दिलं आणि निम्म्यांना ऑलिव्ह तेल. खोबरेलवाल्यांपैकी सुरुवातीला 20 जणांच्या त्वचेवर स्टॅफ होता, चार आठवड्यांनी एकाच्या उरला. ऑलिव्हवाल्यांत 12 वरून 6. पुढे 2014 मध्ये तिथेच 117 मुलांवर आठ आठवडे खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, त्यातही खोबरेल सरस ठरलं. म्हणजे ‘जंतुनाशक मॉइश्चरायझर’ ही कल्पना आपल्या कोकणच्या कपाटात आधीपासून बाटलीत भरलेली होती असं म्हणायला हरकत नाही. अभ्यास लहान आहेत आणि ही मुलं सौम्य ते मध्यम इसबाची होती, हे विसरू नका. लाल, ओलं, लस वाहणारं इसब नुसत्या खोबरेलने शमत नाही. तिथे ‘बाकी सगळं बंद कर’ हे चुकीचं आहे.

माझी पद्धत अशी: चट्टे शांत असताना आंघोळीनंतर ओलसर अंगाला घाण्याचं, बिनवासाचं खोबरेल चालेल, आणि थंडीत त्यावर जाडसर मॉइश्चरायझर. इंग्लंडच्या हिवाळ्यात घरातलं हीटिंग हवा इतकी कोरडी करतं की नुसतं तेल पुरत नाही. शिवाय गार खोलीत ते थिजतं, मग ते चोळलं जातं, आणि चोळलं की खाज. तळहातावर वितळवून केसांच्या दिशेने खाली ओढा. कापूर घातलेलं, सुगंधी, औषधी वनस्पतींचं तेल नको. मोहरीचं तेल इसबाला लावू नका, उंदरांवरच्या प्रयोगात त्याने त्वचेची डागडुजी लांबवली होती. ऑलिव्हही नको, 2013 च्या अभ्यासात त्याने प्रौढांच्या त्वचेचं आवरण कमजोर केलं आणि सूर्यफुलाच्या तेलाने मात्र टिकवलं. शेंगदाणा तेल तर फाटलेल्या त्वचेला मुळीच नाही. 2003 मध्ये ब्रिटनमध्येच दिसलं होतं की बाळपणी शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या मुलांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. सासूबाई शेंगदाणा तेलाने मालीश करत असतील तर हे त्यांना जरूर सांगा. खोबरेलाबद्दलही, नवीन बाटली आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर तीन दिवस लावून पाहा.

गावाकडच्या त्या क्रीमचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण ‘चार दिवसांत साफ, बंद केल्यावर दुप्पट’ ही कहाणी मी इतक्यांदा ऐकली आहे की आतलं औषध न बघता सांगते: बहुधा क्लोबेटासॉलसारखं सर्वांत तीव्र स्टेरॉइड, त्यात एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीनाशक, तिन्ही एका ट्यूबमध्ये. भारतात 2018 पासून 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तरी ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की काउंटरवर ती येते. अशा ट्यूबांनी नायट्याचे जे हाल झालेत ते वेगळ्या लेखाचा विषय आहेत. ती उरलेली ट्यूब फेकून द्या. मुलाच्या चेहऱ्याला किंवा जांघेला तर चुकूनही नाही.

पण तिच्यामुळे सगळ्याच स्टेरॉइडना घाबरू नका. तुमच्या मुलाचं इसब वारंवार उठतं याचं माझ्या मते सगळ्यांत संभाव्य कारण हे की त्याचा दाह कधी पुरता विझवलाच गेला नाही. तुमच्या प्रश्नात स्टेरॉइड मलमाचा उल्लेखच नाही, ना जीपींनी दिल्याचा, ना लावत असल्याचा. जीपींना विचारा: चेहऱ्यासाठी सौम्य, अंगासाठी मध्यम, दिवसातून एकदा, लाल आणि खडबडीत जागी, सपाट होईपर्यंत. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. साफ झाल्यावर जिथे नेहमी उठतं तिथे आठवड्यातले सलग दोन दिवस लावत राहायची पद्धतही आहे, तुमच्या मुलाला ती लागेल असं वाटतं. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यांच्यात पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, आधी कुठलं हा वाद सोडा.

सासूबाई कदाचित असंही म्हणतील की इसब दाबलं की दमा उठतो. माझी आजीही म्हणायची. खरं असं की इसब, दमा आणि नाकाची ॲलर्जी ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. बऱ्याच मुलांत इसब आधी येतं, दमा नंतर. आधी-नंतर आलं म्हणून ह्याने ते केलं असं ठरत नाही. इसबावर उपचार केल्याने दमा ‘आत जाऊन’ उठत नाही.

मॉइश्चरायझर कोणतं, यावर लोक इतकी चर्चा करतात की लावायचं राहून जातं. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली. चारही सारखीच निघाली, तेव्हा वर मी ‘जाडसर’ म्हटलं ते माझ्या अनुभवावरून, नियम नव्हे. जे मूल लावू देतं ते चांगलं. फक्त जुन्या ‘ॲक्विअस क्रीम’चा डबा लावून ठेवायला वापरू नका, त्यात सोडियम लॉरिल सल्फेट असतं, तेच जे शॅम्पूला फेस आणतं. प्रमाण मात्र बघा: या वयाच्या मुलाला आठवड्याला निदान 250 ग्रॅम लागतं. 500 चा पंप दोन आठवड्यांत संपला पाहिजे. दोन महिने पुरत असेल तर तुम्ही लावत नाही आहात, फक्त दाखवत आहात. इंग्लंडमध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना चिठ्ठीवरची औषधं मोफत आहेत, मोठा पंप मागायला लाजू नका. डबा असेल तर हात बुडवू नका. धुतलेल्या चमच्याने वाटीत काढून घ्या, नाहीतर जंतू मारायच्या नादात डब्यातच त्यांची शेती होते.

आणखी एक, जे मराठी घरात विशेष सांगावं लागतं. मॉइश्चरायझर मुरलेले कपडे, चादरी, टॉवेल भराभर पेट घेतात, आणि कपडे धुतले तरी तो अंश पूर्ण जात नाही. हे फक्त पॅराफिनच्या मलमांपुरतं नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये सगळ्याच इमोलियंटांसाठी, म्हणजे मॉइश्चरायझरांसाठी, हा इशारा दिला. देवासमोरचं निरंजन, गॅसची शेगडी, फुलबाज्या: लावून झाल्यावर पोराला यांच्यापासून लांब ठेवा.

जीपींकडे त्याच दिवशी न्यायची वेळ कोणती, तेही लिहून ठेवा. ताप, गळून गेलेलं मूल, झपाट्याने पसरणारी गरम लाली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एकाच आकाराचे, खोल टोचल्यासारखे गोल फोड किंवा जखमा एकत्र उठल्या आणि खाजेपेक्षा दुखणं जास्त असेल, तर ते ओठावर पुळ्या आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूचं काम असू शकतं. त्याला जंतुनाशक लोशन चालत नाही, विषाणूवरचं औषध तासांच्या हिशोबात सुरू करावं लागतं. डोळ्यांजवळ असेल तर थेट रुग्णालय. घरात कुणाला ओठावर पुळी आली असेल तर त्यांनी या मुलाची पापी घेऊ नये, आजीनेही. आणि गावाहून परतल्यावर घरात इतरांनाही रात्री खाज सुटू लागली असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल, तर ती खरूज नाही ना हे आधी बघून घ्या. तिला इसब समजून महिनोन्महिने लोशन लावणारी घरं मी दरवर्षी पाहते.

हे सगळं चाललंय की नाही ते नजरेने ठरवू नका, कारण आईच्या नजरेला इसब रोज नवं दिसतं. नॉटिंगहॅममध्ये तयार झालेली ‘पोएम’ नावाची सात प्रश्नांची यादी आहे, तुमच्या जीपींना माहीत असेल. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, झोप मोडली, रक्त आलं, लस वाहिली, चिरलं, पापुद्रे निघाले, कोरडं होतं. प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 28. दर रविवारी आंघोळीनंतर फ्रिजवरच्या कागदावर आकडा लिहा, आज जंतुनाशक लोशन थांबवायच्या आधीचाही. 3 किंवा अधिक गुणांचा फरक पडला तरच तो खरा फरक समजा. चार रविवार झाले की तो कागद घेऊन जीपींकडे जा. काखेचं काय झालं ते मला आठवड्याने कळवा.